पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं, पण ते आपलं नाहीच!

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, पाच एकर कोरडवाहू वावर आहे. पोरीले दहावीत ८४ टक्के पडले, तिले सायन्स घ्यायचं आहे. अकरावीचा फॉर्म सेतूवर भरला, लय गर्दी होती, साइट चालत नव्हती, त्या पोरानं संस्थेचं नाव टाकलं अन् जे पहिलं दिसलं ते टाकून देल्लं. आम्हाले वाटलं दिग्रसचंच आहे. २८ जूनले यादी लागली तं एक नंबरचंच कॉलेज लागलं पण ते मानोरा तालुक्यात, वाशिम जिल्ह्यात! नाव सेम टू सेम. तिकडे जायचं म्हटलं तं फाट्यापर्यंत पायी, मंग दिग्रसची गाडी, मंग दुसरी गाडी. घरी याले रात्रच होईन. पोरीचे बाबा म्हणून राहिले अमरावतीले जाऊन तक्रार करतो, नाही झालं तं कोर्टात जातो. मोठे भासरे म्हणते जे लागलं ते घ्या, नाहीतर पोरगी घरी बसन. पोरगी काही बोलत नाही, नुसती मोबाइलवर ती यादी पाहत बसते. काय करू?
– एक आई, दिग्रस तालुका

उत्तर : ताई, तुमचा मेसेज आला त्याच संध्याकाळी आपलं फोनवर बोलणं झालं, कारण प्रवेशाची मुदत ७ जुलै २०२५ पर्यंतच होती आणि मासिक छापून यायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तरी ते सगळं इथं देतेय कारण अशाच चिंतेचे मेसेज यवतमाळ, वाशिम, बुलडाणा सगळीकडून येऊन राहिले आणि अजून फेऱ्या बाकी आहेत.

आधी एक गोष्ट, त्या सेतूवाल्या पोराला फार बोलू नका. अकरावीचं ऑनलाइन आतापर्यंत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतं होतं, अख्ख्या राज्याला ते २०२५ मध्येच पहिल्यांदा लागू झालं. आपल्या तालुक्यात परवापरवापर्यंत टीसी आणि मार्कशीट घेऊन कॉलेजात जायचं, क्लार्ककडून फॉर्म घ्यायचा की झालं ॲडमिशन. त्या पोरासाठीही हे नवीनच होतं, आणि साइट पहिल्याच दिवसापासून रखडत होती हे सगळ्यांनी पाहिलंय.

आता तक्रारीचं. तक्रार कोणाच्या चुकीची करायची, हे आधी घरात बसून ठरवा. मार्क चुकीचे घेतले, जात प्रवर्ग चुकीचा धरला, कमी मार्काच्या पोराला त्याच प्रवर्गात त्याच फेरीत तुमच्या आधी सीट दिली, असं काही असेल तर ती सिस्टिमची चूक, तिथं जोरात भांडायचं. तुमच्या केसमध्ये पोरीचे मार्क बरोबर आहेत, प्रवर्ग बरोबर आहे, फॉर्ममध्ये एक नंबरला जे होतं तेच मिळालंय. ऑफिसातला माणूस तुमचा अर्ज उघडेल तेव्हा त्याला हेच दिसेल की विद्यार्थ्याने मागितलं ते दिलं, आणि तो ‘नियमानुसार’ म्हणून तक्रार बंद करेल. हे ऐकायला कडू आहे पण तुमच्या मालकांनी एसटीचं भाडं घालून अमरावतीला जायच्या आधी त्यांना हे सांगणं मला गरजेचं वाटलं.

तरीपण तक्रार टाकाच. पोरीच्या लॉगिनमध्येच ग्रिव्हन्सचं, म्हणजे तक्रारीचं, ऑप्शन आहे, पैसे लागत नाहीत, त्यासाठी अमरावतीला जावंही लागत नाही. फक्त ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं लिहू नका, पुरावा लिहा. तुमच्याकडे पुरावा आहे, तोही चांगला. तुम्ही मला फॉर्मच्या प्रिंटचा फोटो पाठवला त्यात दोन नंबरपासून पाच नंबरपर्यंत सगळी कॉलेजं दिग्रसचीच आहेत, फक्त एक नंबरचं तेवढं मानोऱ्याचं. ज्या घराला मानोऱ्याला जायचं असतं ते घर पुढची चारही दिग्रसची कशाला टाकेल? आणि प्रत्येक कॉलेजाच्या नावापुढं युडायस नंबर असतो, म्हणजे त्या कॉलेजाचा सरकारी ओळख क्रमांक, ११ आकडी. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र म्हणजे २७, पुढचे दोन जिल्ह्याचे. यवतमाळचं कॉलेज असेल तर नंबर २७१४ ने सुरू होतो, वाशिमचं असेल तर २७०६ ने. तुमच्या प्रिंटवर पहिल्या ओळीत २७०६ आहे आणि खाली चारही ओळींत २७१४. या दोन आकड्यांखाली पेनाने रेघ मारा, फोटो काढा, तक्रारीला जोडा, आणि एक प्रत जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. दोन्ही जिल्हे अमरावतीच्याच शिक्षण उपसंचालकांकडे येतात म्हणजे फाइल दोन ऑफिसांत फिरणार नाही, एवढं एक बरं.

(बाकी सगळ्यांनाही सांगते, पुढच्या फेरीत पसंतीक्रम भरताना नाव वाचू नका, नंबर वाचा. आपल्याकडं एकेका संस्थेची त्याच नावाची कॉलेजं चार-चार तालुक्यांत आहेत.)

कोर्टाचं म्हणाल तर नागपूर खंडपीठात जाता येतं, कोणी अडवत नाही, पण वकिलाची फी, तारखा, आणि तोपर्यंत फेऱ्या संपून जातात. पेरणीच्या दिवसांत हा खर्च काढायचा तो कशासाठी, फॉर्म आपणच लॉक केलेला असताना? शेजारचे म्हणतात तो शिक्षणहक्काचा कायदा इथं कामाचा नाही, तो १४ वर्षांपर्यंत, आठवीपर्यंतच आहे.

आता खरा प्रश्न, घ्यायचं की सोडायचं. नियम असा आहे की एक नंबरचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून पोरगी बाहेर, मग थेट शेवटी सर्वांसाठी खुली फेरी असते तिच्यात संधी. भासरे घाबरून राहिले ते यामुळेच आणि त्यांची भीती खोटी नाही. पण ‘पोरगी घरी बसेल’ हे जसंच्या तसं खरं नाही. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, पहिल्या यादीत राज्यात ६ लाख ३२ हजारांच्या आसपास पोरांना कॉलेज मिळालं, त्यातल्या साडेचार लाखांच्या वर पोरांना एक नंबरचंच. आणि एकूण जागा आहेत २० लाखांच्या वर. म्हणजे मारामारी आहे ती शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांत. तालुक्याच्या ठिकाणी सीटा उरणार आहेत, अंदाजाने नका बोलू, साइटवर रिक्त जागांची यादी लागते ती काढून पाहा. दिग्रसच्या ज्या कॉलेजात जायचंय तिथं सायन्सच्या अनुदानित तुकडीत किती सीटा शिल्लक आहेत आणि पहिल्या यादीचा कटऑफ पोरीच्या मार्कांच्या किती खाली आहे, हे दोन आकडे कागदावर घ्या. ‘अनुदानित’ मुद्दाम म्हणतेय. एकाच कॉलेजात अनुदानित तुकडी आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडी अशा दोन वेगवेगळ्या नोंदी असतात, अनुदानितमध्ये मुलींची शिकवणी फी बारावीपर्यंत माफ असते, दुसरीत ती माफी मिळेलच असं धरून चालू नका, फी आधी विचारा.

यानंतर बस. इथं मी जरा थांबते कारण खेड्यातल्या मुलीचं शिक्षण बहुतेक वेळा कॉलेजात तुटत नाही, फाट्यावर तुटतं. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण पास म्हणजे बस नव्हे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस मुलींसाठीच असतात पण त्या तालुक्याला दिलेल्या असतात, दुसऱ्या जिल्ह्यात जायला त्यांच्या भरवशावर राहू नका. तुमच्या मालकांनी अमरावतीला जायच्या ऐवजी एक दिवस एवढंच करावं : सकाळी पोरीला घेऊन फाट्यावर उभं राहायचं, कॉलेजच्या टाइमात मानोऱ्याला पोचून दाखवायचं, आणि कॉलेज सुटल्यावर घरी किती वाजता येतो ते पाहायचं. पाऊस असेल तर आणखी चांगलं, नाल्याला पाणी आल्यावर गाडी कुठपर्यंत येते तेही कळेल. आणि मग पोरीला विचारा, सगळ्यांसमोर नाही, तुम्ही एकट्या असताना. तुमच्या सगळ्या मेसेजमध्ये बाबा काय म्हणतात, भासरे काय म्हणतात ते आलं, तिला काय वाटतं ते एका ओळीतही नव्हतं. दोन वर्षं ते अंतर कापायचं तिला आहे.

माझं मत विचारलंत म्हणून सरळ सांगते. रिक्त जागा चांगल्या असतील, कटऑफ पोरीच्या मार्कांच्या बराच खाली असेल आणि परतीला अंधार पडत असेल तर मी ती सीट सोडेन आणि खुल्या फेरीची वाट पाहीन. सीटा मोजक्याच असतील तर मात्र नाही सोडणार, मानोऱ्याला ॲडमिशन घेईन, मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करेन, आणि बारावीला अंतराच्या कारणावर कॉलेज बदलायचा अर्ज करायची तयारी ठेवेन. वाट पाहायची ठरली तर तो महिना-दीड महिना पोरीने नुसतं बसू नये, बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये आहेत, गणित आणि फिजिक्सचे पहिले धडे सुरू करायचे.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. फोनवर तुमचे मालक म्हणाले, ‘मंग मानोऱ्याले नुसतं नाव ठेवू अन् पोरीले अकोल्याले क्लास लावून देऊ, सगळेच तसं करतात.’ करतात खरं, विदर्भातून हजारो पोरं नीट-जेईईच्या क्लासला अकोल्याला जातात, त्यातली कितीतरी अशीच, नाव एकीकडे आणि पोरगं दुसरीकडे. पण पाच एकर कोरडवाहू वावराच्या घराला क्लासची फी, खोली, मेस हे दोन वर्षं झेपतं का, हे कर्ज काढायच्या आधी मोजा. आणि बोर्डाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हीत १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात. ज्या मुलीने ब्युरेट हातात धरलेली नाही, मायक्रोस्कोपखाली कांद्याची साल पाहिलेली नाही, तिला कोणीतरी जर्नल उतरवायला देतं आणि मार्क देऊन टाकतं, तिच्या पदरात काय पडलं? ८४ टक्के मिळवलेली मुलगी आहे, तिला खरं कॉलेज मिळालं पाहिजे. दिग्रसच्या कॉलेजबद्दलही हेच तपासा. बारावीतल्या एखाद्या मुलीला गाठून तिचं जर्नल पाहा, प्रयोगांसमोर तारखा आणि सह्या आहेत की कोरंच आहे. फिजिक्सचे सर पूर्ण वेळ आहेत की तासिका तत्त्वावर, तेही विचारा. ज्या कॉलेजसाठी एवढं भांडण चाललंय ते भांडण्यासारखं आहे की नाही हे त्या जर्नलवरून कळतं.

काय ठरलं ते नक्की कळवा.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मेहकर तालुक्यातला कास्तकार. मुलाला ६८ टक्के, चार नंबरचं कॉलेज लागलं. त्याच्याच वर्गातल्या मुलाला ६६ टक्के असून आम्ही टाकलेलं एक नंबरचं कॉलेज लागलं. तक्रार करावी का? आम्ही ओबीसी आहोत, तो मुलगापण ओबीसीच.

उत्तर : दादा, तुम्ही मात्र आजच लॉगिन उघडा. त्या मुलाला इनहाउस कोट्यातून मिळालं का ते आधी विचारा, दहावीची शाळा आणि ते कॉलेज एकाच संस्थेचं असेल तर १० टक्के जागा तशा असतात, पण एकाच वर्गातली पोरं म्हणजे तो कोटा तुमच्या मुलालाही लागू होता, फॉर्ममध्ये ते ऑप्शन तुम्ही निवडलं होतं का बघा. ते नसेल तर फॉर्मच्या पहिल्या भागात प्रवर्ग काय दिसतो ते पाहा. माझा अंदाज आहे तिथं खुला दिसेल. जातीचा दाखला वेळेवर मिळाला नाही म्हणून बरेच जण ‘जनरल टाका, नंतर पाहू’ म्हणतात, आणि मग ओबीसीच्या १९ टक्के जागांत त्या पोराचं नाव शोधलंच जात नाही. तसं असेल तर तक्रार करायला पूर्ण जागा आहे, दाखला किंवा दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची पावती घेऊन मार्गदर्शन केंद्रावर जा आणि पुढच्या फेरीच्या आधी प्रवर्ग दुरुस्त करून घ्या. तुम्हाला एक नंबरचं लागलेलं नाही त्यामुळे चार नंबरचं आत्ता नाही घेतलं तरी पुढच्या फेरीत नाव राहतं, तुमचं काही तुटत नाही. फक्त दुरुस्ती झाल्यावर नवीन प्रिंट काढा आणि प्रवर्गाची ओळ सेतूवाल्याने नाही, मुलाने स्वतः वाचून दाखवायची, मगच लॉक करायचं.