इंग्लंडमध्ये स्ट्रॉबेरी तोडण्याच्या कामासाठी एजंट सहा लाख मागतोय, 'कंपनी लायसन्सवाली आहे' म्हणतो. भावाला पाठवावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: धाकट्या भावाला सहा महिन्यांच्या शेतीकामाला इंग्लंडला पाठवायचंय. एजंटने सहा लाख सांगितलेत. त्यातले पन्नास हजार आणि पासपोर्ट त्याच्याकडे आधीच गेलाय. तो लॅमिनेट केलेलं एक लायसन्स दाखवतो आणि तुम्ही विचारताय, लायसन्स खरं निघालं तर उरलेले पैसे भरावेत का.

लायसन्स खरं असूही शकतं. तरी भरू नका.

मी २०२४ साली मे ते ऑक्टोबर हेरफर्डशायरमधल्या एका फार्मवर स्ट्रॉबेरी तोडली. त्याच्या आदल्या वर्षी अशाच एका एजंटच्या ऑफिसात 'फाइल चार्ज' म्हणून चाळीस हजार घालवून बसलो होतो. त्यामुळे दोन्ही बाजू अंगावरून गेल्यात. एजंटचं नाव लिहीत नाही, तो आता त्या पत्त्यावर नाहीही.

आधी ते लायसन्स नेमकं कशाचं आहे ते बघा. या धंद्यात तीन वेगवेगळे परवाने असतात आणि एजंट त्यातला एक दाखवून बाकीचे दोन आपल्याच मनाने गृहीत धरायला लावतो. पहिला परवाना भारताचा. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर आहे आणि बेकायदा एजंटांचीही यादी तिथेच आहे. दुसरा परवाना ब्रिटनचा, शेतीला मजूर पुरवणाऱ्या कंपन्यांसाठीचा. ५ फेब्रुवारी २००४च्या रात्री मोरकॅम्ब बे इथे भरतीच्या पाण्यात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर बुडाले. त्यानंतर त्याच वर्षी कायदा झाला आणि मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना, तिथल्या भाषेत गँगमास्टरांना, परवाना सक्तीचा झाला. तिसरा परवाना ब्रिटिश गृहखात्याचा, म्हणजे होम ऑफिसचा. सीझनल वर्कर व्हिसासाठी माणूस स्पॉन्सर करण्याची परवानगी त्यातून मिळते.

तुमच्या भावाच्या कामाचा आहे तो हा तिसरा. अख्ख्या ब्रिटनमध्ये तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्यांकडे आहे. त्यांना स्कीम ऑपरेटर म्हणतात. २०१९ साली अडीच हजार जागांवर ही योजना सुरू झाली तेव्हा दोनच होत्या, कॉन्कॉर्डिया आणि प्रो-फोर्स. पुढे काही वाढल्या, एखादी गळाली. चालू यादी ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवर सीझनल वर्कर व्हिसाच्या पानावर मिळते. यादीतलं नाव एजंटच्या तोंडून ऐकू नका, स्वतः उघडून वाचा.

आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: या व्हिसावर शेतमालक स्वतः कुणालाही बोलावू शकत नाही. स्पॉन्सर ऑपरेटरच असतो, फार्म फक्त कामाची जागा. त्यामुळे एजंट 'अमुक फार्मचं ऑफर लेटर आलंय' म्हणून शिक्का मारलेला कागद पुढे करतो तेव्हा त्या कागदाला काही किंमत नसते. मला मिळालेल्या लेटरवर सोनेरी बॉर्डर होती, ट्रॅक्टरचं चित्र होतं आणि खाली फुकटातला ईमेल पत्ता. खरं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट दिसायला अगदीच गरीब असतं. नाव सर्टिफिकेट, पण हाती येतो तो एक संदर्भ क्रमांक आणि कामाचा तपशील. तो क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करायचा असतो.

मग काम मिळतं कसं? थेट ऑपरेटरच्या वेबसाइटवर अर्ज करून. तिथे मी हिवाळ्यातच फॉर्म भरला, कारण उन्हाळी हंगामाची भरती थंडीत चालते. नंतर व्हिडिओवर मुलाखत झाली. बाई सरळ विचारत होत्या: वाकून काम करायची सवय आहे का, पाठीचा त्रास आहे का, पहाटे चारला उठाल का, सहा जणांत एक कॅराव्हॅन (चाकांवरचं छोटं घर) चालेल का. शेवटी विचारलं, "या नोकरीसाठी तुम्ही कुणाला पैसे दिलेत का?" तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न परत विचारला गेला. एजंटमार्फत आलेली पोरं इथे खोटं बोलतात, कारण 'हो म्हणालास तर परत पाठवतील' असं त्यांना घरूनच पढवलेलं असतं. २०२२मध्ये नेपाळ आणि इंडोनेशियातून आलेल्या मजुरांनी दलालांना हजारो पौंड मोजल्याचं बाहेर आलं होतं. कर्ज काढून आलेला माणूस तक्रार करत नाही. दलालाचं सगळं गणित त्यावरच उभं असतं.

कायद्याने किती पैसे घेता येतात? ब्रिटनमध्ये काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून फी घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. सहा लाख यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

तुम्ही एजंटची खर्चाची यादी टाकलीय ते बरं केलंत. ती वाचून मला जुने दिवस आठवले. टीबी टेस्ट, हेल्थ सरचार्ज, इंग्रजीची परीक्षा, बँक बॅलन्सची 'व्यवस्था'. यातली टीबी टेस्ट सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना लागते, सीझनल व्हिसा सहा महिन्यांचाच आहे. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, याच कारणाने लागत नाही. (म्हणून मात्र स्वतःचा विमा काढून जा. तिथल्या सरकारी दवाखान्यात इमर्जन्सी फुकट बघतात, पुढे अॅडमिट झालात तर बिल येऊ शकतं.) इंग्रजीची परीक्षा या व्हिसाला नाहीच. खात्यावर १,२७० पौंड २८ दिवस दाखवावे लागतात, पण पहिल्या महिन्याची हमी ऑपरेटर घेत असेल तर तेही नाही. माझ्या ऑपरेटरने घेतली होती. उरली व्हिसा फी. मी २९८ पौंड भरले, २०२५च्या एप्रिलपासून ती ३१९ झाली. त्यात विमानाचं तिकीट आणि विमा मिळवा, झाला खर्च.

आता मिळकत. माझ्या वेळी किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होतं, २०२५मध्ये १२.२१ झालं, २०२६च्या एप्रिलपासून १२.७१. आठवड्याला सरासरी किमान ३२ तासांचे पैसे द्यायचेच, असा योजनेचा नियम आहे. पाऊस-थंडीच्या, फळ न पिकणाऱ्या वाईट आठवड्यात मला ते ३२ तासच मिळाले. म्हणजे ३६६ पौंड. त्यातून कर साधारण २५, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून होणारी तिथली सरकारी विम्याची कपात) १०, कॅराव्हॅनचं भाडं ७०. किराण्याचे ४० गेले की हातात २२०. जूनच्या चांगल्या आठवड्यात ५० तास भरले तेव्हा सगळं जाऊन ३७० उरले. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर तिथे कर नाही आणि मी त्याच्या आत होतो, म्हणून परत आल्यावर पी-८५ नावाचा फॉर्म भरून कापलेला कर परत मिळवला. तो फॉर्म बरेच जण भरतच नाहीत. वेतनाच्या सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवायला भावाला आत्ताच सांगून ठेवा.

या आकड्यांतून सहा लाख वजा करून बघा. पौंड एकशे दहा रुपये धरला तर सहा लाख म्हणजे साडेपाच हजार पौंड, चांगल्या-वाईट आठवड्यांची सरासरी धरून जवळजवळ साडेचार महिन्यांची बचत. व्हिसा सहा महिन्यांचा असला तरी काम सहा महिने असेलच असं नाही. फळ आधी संपलं तर लवकर घरी. व्याज वेगळंच.

'एकदा आत शिरला की तिकडेच सेट होईल' असं एजंट म्हणाला असेलच. या व्हिसाची मुदत वाढत नाही, तिथे राहून तो दुसऱ्या वर्क व्हिसात बदलता येत नाही, बायका-मुलांना नेता येत नाही. मुदतीनंतर थांबलं तर पुढची दारंही बंद होतात.

कामाचंही थोडं सांगतो, कारण परवाना खरा असला तरी काम सोपं होत नाही. स्ट्रॉबेरी तिकडे जमिनीवर कमी, छातीच्या उंचीवर टांगलेल्या लांब पन्हाळींत जास्त. वर प्लास्टिकचा बोगदा. पहाटे पाचला आत शिरलं की पानांवरच्या दवाने बाह्या ओल्या, दुपारी तोच बोगदा भट्टी. फळाला हात लावायचाच नाही. अंगठ्याच्या नखाने देठ मोडायचा, फळाला बारीकसा देठ ठेवून, आणि देठाला धरूनच डब्यात ठेवायचं. बोट दाबलं की दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग आणि तो डबा परत. खांद्याशी हिरवं राहिलेलं फळ चालत नाही, फार पिकलेलंही चालत नाही. मला तासाला वीस किलोचं टार्गेट होतं, पहिल्या दिवशी अकरा निघाली. शेजारच्या ओळीतली किर्गिझ मुलगी दोन्ही हातांनी तोडत गाणं म्हणत पुढे निघून गेली. मला तिसऱ्या आठवड्यात वीस जमली, तोवर रोज संध्याकाळी फोनवर दुसऱ्या दिवसाची यादी येताना पोटात गोळा. टार्गेट न भरणाऱ्यांना लवकर घरी पाठवायचे. किलोवर पैसे देत असले तरी तासाचं किमान वेतन भरून द्यावंच लागतं, एवढं कायम ध्यानात ठेवायचं. एका आठवड्याला माझे चार तास कमी लागले होते, लिहून ठेवलेली वही दाखवल्यावर पुढच्या पगारात आले.

फार्म अगदीच जमेनासा झाला तर दुसरीकडे बदलून मागायचा हक्क आहे, तो ऑपरेटरकडेच मागायचा. मला एकदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा मागितल्यावर शेवटचे पाच आठवडे सफरचंदांवर गेलो. शिडी, थंडी, पण टार्गेटची कटकट कमी.

एक निराशेची गोष्ट सांगायलाच हवी. ऑपरेटर दरवर्षी ठरावीक देशांतूनच माणसं घेतात आणि सध्या त्यांचा ओढा मध्य आशियाकडे आहे. आमच्या कॅराव्हॅनमध्ये तीन किर्गिझ, दोन उझबेक आणि मी. सुपरवायझर बल्गेरियन. इंग्लंडात जाऊन मी रशियन शिकलो. तेव्हा थेट अर्ज केला तरी भावाचा नंबर लागेलच असं नाही, यंदा अमुक ऑपरेटर भारतातून घेत नाही असंही उत्तर येईल. आलं तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. 'आमची आत ओळख आहे' म्हणणाऱ्याकडे परत वळायचं नाही.

आता आधी पासपोर्ट. पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता असतो, एजंटला तो अडकवून ठेवायचा काही अधिकार नाही. पण पैसे परत मागायच्या आधी पासपोर्ट हातात येऊ द्या, उलट केलंत तर तोच ओलीस राहतो. मी बँकेत केवायसीला लागतोय म्हणून सांगितलं आणि तासाभरात घेऊन आलो. पन्नास हजारांची पावती असेल तर तिचा, नसेल तर फोन-पे वगैरेच्या नोंदीचा आणि व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. एजंट नोंदणीकृत निघाला तर ई-मायग्रेटवर तक्रार करता येते, नसेल तर पोलीस ठाण्यात. माझे चाळीसातले पंचवीस परत मिळाले, तक्रारीचा अर्ज लिहून त्याला नुसता वाचून दाखवल्यावर.