दोन रात्री, दोघंच, आणि काखेती

प्रश्न: ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवऱ्याचं तिबिलिसीत काम आहे, मीपण सोबत जातेय, आणि नंतर दोन रात्री मोकळ्या मिळतायत. मुलं झाल्यापासून दोघंच असे कुठे गेलोच नाही. जॉर्जियातल्या काखेती या वाईनच्या भागाबद्दल ऐकलं, पण एजंटने एका दिवसात सात वायनरी असा प्लॅन दिलाय. मी घोटभरच वाईन घेते, आणि आम्ही शाकाहारी आहोत. जमेल का?

उत्तर: मस्त जमेल, फक्त तो सात वायनरीवाला प्लॅन आधी कॅन्सल करा! तिसऱ्या ठिकाणापुढे जिभेला काही कळत नाही, आणि दिवसभर गाडीत चढ-उतर करून दोघांना बोलायला वेळ कधी मिळणार? दिवसाला एक, फार तर दोन, बस.

दोन्ही रात्री काखेतीतल्या सिघनाघीतच राहा. तिबिलिसीहून साधारण दोन तास, टेकडीवरचं छोटंसं गाव, दगडी गल्ल्या, लाकडी बाल्कन्या, खाली अलाझानी नदीचं खोरं आणि समोर कॉकेशसची रांग. रूम घेताना बाल्कनी खोऱ्याकडे आहे ना एवढं नक्की विचारा, त्यासाठी थोडे जास्त लारी (तिथलं चलन) गेले तरी जाऊ द्या. तिथलं लग्नाचं ऑफिस चोवीस तास उघडं असतं म्हणून त्याला प्रेमाचं गाव म्हणतात, तुम्हाला आता त्याची गरज नाही पण हातात हात घालून तटबंदीवर फिरायला कोण अडवतंय. बोदबेचा मठ तिथून जवळच आहे, चालत जा.

तुमची वेळ तर फारच छान आहे, त्या सुमारास तिथे र्तवेली म्हणजे द्राक्षांची तोडणी चालू असते. घरगुती वायनरीवाल्यांना आधीच मेसेज करून विचारा, बरेच जण तोडणीला हात लावू देतात. सापेरावी जातीचं द्राक्ष बोटांत चिरडून बघा, साल तर काळी असतेच पण आतला गरपण लाल, बोटं रंगतात. मग क्वेव्री बघा, मातीचे मोठे अंडाकृती रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, त्यात रस सालीबियांसकट काही महिने राहतो, म्हणून पांढऱ्या द्राक्षांची वाईनपण अंबर रंगाची आणि कडक चहासारखी तुरट होते. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली. तुम्ही बघाल ती वाईन मात्र तेव्हा आत मुरत असेल, प्यायला आधीच्या सालची मिळेल.

तुम्ही घोटभर घेता ना, मग बिनधास्त तेवढीच घ्या, उरलेली ओतून टाकली तर टेस्टिंगमध्ये कोणी वाईट मानत नाही. तुरट नको वाटली तर किंदझ्मारौली मागा, ती थोडी गोडसर असते. गाडी ड्रायव्हरसकट ठरवा, म्हणजे नवऱ्यालापण मनमोकळं पिता येईल. परतताना त्सिनान्दालीची जुनी हवेली आणि बाग बघून गोम्बोरी घाटाने तिबिलिसीला उतरा, रस्ता वळणांचा आहे, त्यामुळे गाडी लागत असेल तर गोळी जवळ ठेवा.

जेवणाचं टेन्शन नको. चीज भरलेली खाचापुरी, राजम्याचं लोबिओ, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालक-अक्रोड वाटून केलेली प्खाली, सगळं शाकाहारी मिळतं. फक्त लोबिओत कधीकधी मांस घालतात, तेव्हा ऑर्डर देतानाच विचारून घ्या, आणि वायनरीत जेवणार असाल तर आदल्या दिवशीच कळवून ठेवा.