वाचकांचे प्रश्न : साखरेची गावे कोणी वसवली?

प्रश्न : फिलिपाइन्समधील नेग्रोस बेटावर सिलायसारखी गावे ऊस पिकवणाऱ्या जमीनदार घराण्यांनी नावारूपास आणली, असे वाचनात आले. आपल्या वालचंदनगर आणि माळीनगर या गावांबद्दलही असेच म्हणता येईल काय?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तुलना अर्धीच जुळते. १८५५ साली इलोइलो बंदर परदेशी व्यापारास खुले झाल्यावर विलायती कापडापुढे तेथील हातमाग बसत गेला आणि पैसा बाळगून असलेली घराणी शेजारच्या नेग्रोसमध्ये जाऊन उसाच्या विस्तीर्ण जमिनींची मालक झाली. आपल्याकडे ज्यांनी साखरेची गावे वसवली, त्यांची त्या गावांत वडिलोपार्जित जमीन नव्हती. वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या व्यापारी घराण्यातले, स्वतः रेल्वेच्या बांधकामांचे कंत्राटदार. त्यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब गावी कारखाना उभारला आणि त्याभोवतीची वसाहत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. माळीनगरची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते, कारण तेथे शेठ कोणीच नव्हता. सासवडचे माळी बागाईतदार कालव्याच्या पाण्यामागोमाग माळशिरस तालुक्यात गेले, तेथे त्यांनी ऊस लावला, गूळ केला, आणि १९३२ साली स्वतःच भागधारक होऊन ‘सासवड माळी’ ही साखर कंपनी काढली.

दोन्हीकडे आधी आले ते नीरेच्या कालव्यांचे पाणी. त्यात १९३२ सालीच सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशभर कारखाने भराभर निघाले. मात्र तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो, त्यामुळे ऊस कारखान्याच्या जवळच हवा. आणि लहान लहान तुकड्यांच्या मालकांवर विसंबून गाळपाचा हंगाम पार पाडणे कंपन्यांना धोक्याचे वाटे. म्हणून त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या, मळे स्वतः कसले आणि कामगारांसाठी चाळी, शाळा व दवाखाने बांधले. या गावांची आखीव रचना त्यातूनच आली. (आपल्या ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याच्या उसालाही हरसी धरणाचे पाणी मिळाले, हे येथे आठवावे.)

संस्थापकांच्या गौरवग्रंथांत खंडाने जमीन देणारा शेतकरी सहसा दिसत नाही, ही मोठी उणीव आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडील मळे सरकारजमा झाले, १९६३ साली त्यांसाठी शेती महामंडळ स्थापन झाले; पण जमीन मूळ मालकांकडे लगेच परतली नाही. ‘खंडकरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या अर्ज, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या केल्या, आणि प्रत्यक्ष वाटप सुरू होण्यास २०१२ साल उजाडले. तेव्हा गावांचे श्रेय वाटताना या घराण्यांचाही हिस्सा धरावा लागेल.