पहिला प्लांटेड टँक: १ फुटी घेऊ की २ फुटी?

प्रश्न: खरी झाडं असलेला फिशटँक लावायचाय. दुकानदार म्हणतो १ फुटी क्यूबने सुरुवात करा आणि सीओटू सिलिंडर (झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा) घ्याच. एवढं सगळं लागतं का हो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही लागत, आणि क्यूब तर अजिबात नको. त्यात जेमतेम २५-२८ लिटर पाणी, एखादा मासा मेला किंवा खाणं जास्त पडलं की लगेच पाणी बिघडतं आणि नवीन माणूस तिथेच वैतागून टँक माळ्यावर टाकतो, असं खूपदा बघितलंय. २ फूट बाय १ बाय १ घ्या, ५५ लिटरच्या आसपास बसतं, चुका पोटात घालतं. फक्त भरल्यावर वजन ६०-७० किलोच्या वर जातं, तेव्हा स्टँड मजबूत हवा, साधा टीपॉय नाही चालणार.

फिल्टर हँग-ऑन (टँकच्या काठाला अडकवायचा) पुरे. लाइटला मात्र टायमर लावाच, सुरुवातीला रोज ६ तास बास, दिवसभर चालू ठेवला की शेवाळ झालंच समजा.

सीओटूशिवाय जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरायनी ही झाडं मस्त जगतात. पहिल्या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरू नका हं, कुजतं! दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधा. हीटरचं थंडीत बघू, आपल्याकडे उन्हाळाच जास्त नडतो, तेव्हा पाण्यावर छोटा पंखा सोडा.

आणि प्लीज, मासे पहिल्याच दिवशी आणू नका. फिल्टरमधे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला महिनाभर तरी द्या.