कॉलेजच्या आवारातल्या झेरॉक्स सेंटरला प्रबंधाची फाइल कशी तयार करून द्यावी?

तुम्ही विचारलंय की एम.ए. मराठीचा लघुप्रबंध पुढच्या आठवड्यात जमा करायचाय, सगळा वर्डमध्ये टाइप झालाय, तर नाशिकला कॉलेजातल्या प्रिंटवाल्याकडे नुसता पेनड्राइव्ह नेला की काम होईल का, की आधी काही करून न्यावं लागतं.

आधी करून न्यावं लागतं. वर्डची फाइल आणू नका, पीडीएफ आणा. आणि ती पीडीएफ घरीच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नजरेखालून घाला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या आवारात मी गेली अकरा वर्षं प्रिंटिंगचं काउंटर सांभाळते. दुसऱ्याच वर्षी सिन्नरहून येणारी एक मुलगी वर्डची फाइल घेऊन आली. उघडून पाहिली, मराठी नीट दिसत होतं, मी चार प्रती काढून बाइंडिंगला पाठवल्या. तिने प्रबंध ‘कोकिळा’ फॉन्टमध्ये केला होता. आमच्या तेव्हाच्या मशीनवर तो नव्हता, म्हणून वर्डने गुपचूप ‘मंगल’ लावला. मंगलच्या ओळी जास्त उंच, त्यामुळे मजकूर खाली सरकत गेला. अनुक्रमणिकेत तिसरं प्रकरण पान ४७ वर, प्रत्यक्षात ५३ वर. गाईडनी चारही प्रती परत केल्या. ती संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला काउंटरवर उभी होती, तो चेहरा मला अजून आठवतो. चूक माझी होती, मी छापण्याआधी तिला पानं दाखवायला हवी होती. तेव्हापासून वर्डची फाइल आली की मी विद्यार्थ्याला शेजारी बसवते आणि पानं दाखवल्याशिवाय प्रिंट देत नाही.

वर्डची फाइल म्हणजे तयार पान नव्हे. मजकूर कसा मांडायचा याच्या त्या सूचना असतात, आणि प्रत्येक कॉम्प्युटर आपल्याकडे असतील त्या फॉन्टमध्ये त्या पाळतो. पीडीएफमध्ये पान जसं मांडलंय तसं गोठतं आणि फॉन्टही आत बांधून येतो. ॲडोबीने १९९३ साली हा प्रकार आणला तो याचसाठी, आणि २००८ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा. मोबाइलवरच्या फुकट कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊ नका, तिथे रफार आणि जोडाक्षरं तुटलेली मी कितीदा पाहिली आहेत. पीडीएफ झाली की ॲडोबी रीडरमध्ये फाइल मेनूतल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट्स’ उघडा. तिथे प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ दिसलं पाहिजे. एखाद्या नावापुढे नसेल, तर तो फॉन्ट दुसरीकडे दगा देऊ शकतो.

टायपिंग डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत करून घेतलं असेल तर जास्त सांभाळा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अक्षरं आतून इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली असतात, मराठी दिसतं ते फक्त त्या फॉन्टमुळे. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. सगळं सिलेक्ट करून मंगल लावला तरी तो मराठी होत नाही, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांनी मानलेल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या पद्धतीत, देवनागरीला वेगळे क्रमांक आहेत. तेव्हा डीटीपीवाल्याकडूनच पीडीएफ मागून घ्या, त्याच्या मशीनवर फॉन्ट असतानाच. कन्व्हर्टरने युनिकोड केलंत तर मात्र पुन्हा पूर्ण मुद्रितशोधन करावं लागेल. ‘र्‍ह’, ‘ऱ्य’, ‘द्ध’, ‘ट्ट’ आणि अनुस्वार आधी तपासा.

पानाचा आकार टाइप करायला बसतानाच ए-फोर करा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. पुष्कळांच्या वर्डमध्ये मुळात ‘लेटर’ असतो. तो ६ मिलिमीटर जास्त रुंद आणि १८ मिलिमीटर कमी उंच. आम्ही ए-फोरवर ‘फिट’ करून छापलं तर मजकूर साधारण ९७ टक्क्यांवर येतो. प्रबंधात ते कुणाच्या लक्षात येणार नाही, पण नकाशा किंवा ड्रॉइंग असेल तर स्केल चुकतं. शेवटी आकार बदलायला गेलात तर पानं पुन्हा सरकतात आणि अनुक्रमणिका परत करावी लागते. डावा समास दीड इंच ठेवा, बाइंडिंगमध्ये तिकडचा भाग आत जातो. विभागाचा किंवा गाईडचा वेगळा नियम असेल तर तोच पाळा. एका बाजूने की पाठपोट हेही त्यांनाच विचारा. पाठपोट असेल तर वर्डमध्ये ‘मिरर मार्जिन’ लावा, नाहीतर मागच्या पानाचा रुंद समास बाहेरच्या कडेला जाईल.

तुमच्या विषयात फोटो आणि तक्ते असणार, म्हणजे शिलालेख, हस्तलिखितांची पानं वगैरे. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवून मग फाइलमध्ये टाकू नका. तो दाबून पाठवला जातो, पडद्यावर बरा दिसतो आणि कागदावर धूसर येतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ तसाच राहतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे ६ इंच रुंद चित्राला १८०० पिक्सेल हवेत. वर्डसुद्धा चित्रं दाबतो. ऑप्शन्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात चित्रं कॉम्प्रेस न करण्याची खूण आहे, ती करून ठेवा. आलेख काळ्या-पांढऱ्यात छापायचा असेल तर लाल, हिरव्या आणि निळ्या रेषा जवळजवळ एकाच राखाडी रंगाच्या दिसतात. एक रेष सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची करा.

रंगीत पानं थोडी असतील तर त्यांची यादी चिठ्ठीवर लिहून आणा, कारण रंगीत पानाचा दर साध्याच्या कितीतरी पट असतो. यादी करताना पानावर छापलेला क्रमांक लिहू नका, पीडीएफमधला लिहा. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश धरून सुरुवातीची आठ-दहा पानं वेगळ्या क्रमांकाची असतात, त्यामुळे तुमचं २३ वं पान मशीनला ३२ वं असतं. या एका गोंधळापायी इथे फार कागद वाया जातो. आणि पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जरा मंदच येणार, मशीनच्या शाईचा आवाका तेवढाच.

कागद स्वतः हात लावून निवडा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ७०-७५ जीएसएमच्या कागदावर मागचा मजकूर पुढे दिसतो, पाठपोटला निदान ८० घ्या. माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी उजेडात धरून कागद बघायचे. तीच सवय मला लागली आहे आणि मी ती प्रत्येकाला लावते.

आणायचं कसं? पेनड्राइव्ह चालतो, पण दिवसभर पन्नास मशीनना लागून येणाऱ्या पेनड्राइव्हवर व्हायरस असतोच, म्हणून एकुलती एक प्रत त्यात ठेवू नका. आम्हाला मेल करा, जीमेलवर २५ एमबीपर्यंत थेट जोडता येतं. त्याहून मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक पाठवा आणि ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी परवानगी देऊन ठेवा, नाहीतर काउंटरवर परवानगीची वाट बघत बसावं लागतं. फाइलचं नाव ‘फायनल फायनल नवीन’ ठेवू नका. सबमिशनच्या दिवसांत डेस्कटॉपवर तशा दहा फाइली असतात आणि चुकीची छापली जाते. आडनाव, विषय, प्रतींची संख्या एवढं नावातच लिहा.

शेवटच्या दिवशी येऊ नका. काळ्या हार्ड बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं उठवायला आणि डिंक सुकायला वेळ लागतो, आदल्या दिवशी दिलेली प्रत दुसऱ्या दिवशी मिळते. दुपारी लेक्चर चालू असताना आलात तर माणूस नीट लक्ष देतो. सगळ्या प्रती काढण्याआधी तीनच पानं काढून मागा: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जोडाक्षरांनी भरलेलं एखादं पान. मुखपृष्ठावरच्या गाईडच्या नावाची आणि पदवीची अक्षरं एकेक करून वाचा, तिथली चूक सोनेरी अक्षरांत गेली की पुठ्ठाच बदलावा लागतो.

आमच्या मशीनवर तुमचं जीमेल उघडू नका. घाईत मुलं लॉगआउट न करताच निघून जातात, आणि पुढचा माणूस बसतो तेव्हा त्यांचा सगळा मेल समोर असतो. काम झालं की तुमची फाइल डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. प्रबंधासोबत आधार किंवा मार्कशीटची प्रत दिली असेल तर नक्कीच सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही.