बाळ सुट्टीत येतंय, तरी पॅटर्निटी लिव्ह सप्टेंबरसाठी ठेवा

मी इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत इयर फोरला शिकवतो, म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलं. जुलै संपत आला, रिपोर्ट घरी गेले, भिंतीवरचे डिस्प्ले उतरले, ट्रेवरची नावांची लेबलं नखाने खरवडून काढायचं काम चालू आहे आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे बाळ येणार आहे. घरी फोन केला की सगळे एकच म्हणतात, बरं झालं रे, सुट्टीतच येतंय, तुला रजा घ्यायची गरजच नाही. आज याच्यावरच लिहायचंय, कारण इथल्या मराठी बाबांकडूनही मी हेच ऐकतो, शिक्षक असोत की आयटीवाले, की आत्ता आजी आहेच मदतीला, मी पुढे सुट्ट्यांमध्ये देईन की वेळ.

वर्गात काय दिसतं ते सांगतो. इयर फोरच्या मुलांची जूनमध्ये पाढ्यांची सरकारी चाचणी असते, कॉम्प्युटरवर 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद. बऱ्याच वडिलांचा पहिला प्रश्न तोच असतो, 25 पैकी किती. विचारावं, त्यात गैर काही नाही. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा दर गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून तिला न्यायला यायचे, बाकीचे दिवस ती शाळेनंतरच्या क्लबला. गेटवर दप्तर त्यांच्या हातात कोंबलं की हिची टकळी सुरू, कोणाची कोणाशी कट्टी, कोणी कोणाचा खोडरबर लपवला, सगळं. पॅरेंट्स इव्हिनिंगला दहा मिनिटं मिळतात, त्यात त्यांनी मला विचारलं, ती म्हणते मी हात वर करते पण सर बघायच्या आत खाली घेते, असं होतं का हो? दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या टेबलकडे जरा जास्त वेळ थांबून बघायला लागलो, आणि खरंच, हात खांद्याच्या वर जायचा आणि लगेच खाली. वर्षअखेरीला ती पोरगी वर्गासमोर उभी राहून स्वतःची गोष्ट वाचत होती. ही माहिती त्या बाबांना कुठल्या ट्रिपवर मिळालेली नाही, ती दर गुरुवारी थोडी थोडी मिळत गेली.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बाबाने मुलाच्या आयुष्यात कामाच्या दिवशी असायला पाहिजे, आणि ती सवय पहिल्या वर्षातच लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आहेच, आजी आहे, बायकोला मदत आहे. खरी कसोटी सप्टेंबरनंतर लागते, शाळा सुरू, आजी परत गेलेली, रात्री धड झोप नाही आणि बायको दिवसभर एकटी बाळाबरोबर. परदेशात शेजारची काकू बाळाला तासभर घेऊन बसत नाही हो. त्यामुळे रजेची खरी गरज तेव्हा आहे.

आता नियम. इथे पॅटर्निटी लिव्ह दोन आठवड्यांची असते. एप्रिल 2024 पासून ते दोन आठवडे वेगवेगळे घेता येतात आणि जन्मापासून 52 आठवड्यांत कधीही, आधी मात्र जन्मानंतर आठ आठवड्यांतच संपवावे लागायचे. बाळ होणार हे ऑफिसला ड्यू डेटच्या आठवड्याच्या 15 आठवडे आधी सांगायचं आणि नेमक्या तारखा 28 दिवस आधी. मी एक आठवडा आजी निघाल्यानंतरचा ठेवलाय आणि दुसरा थंडीत, जेव्हा चार वाजताच अंधार पडतो आणि घरातल्या बाईला सगळ्यात एकटं वाटतं. सरकारी पैसे कमीच असतात, काही शाळा आणि कंपन्या त्याहून जास्त देतात, तेव्हा पॉलिसी वाचा. बायको लवकर कामावर जाणार असेल तर शेअर्ड पॅरेंटल लिव्हही बघा, आईच्या रजेतले 50 आठवड्यांपर्यंत दोघांत वाटून घेता येतात, पण त्याचा कागदी कारभार जास्त आहे, म्हणून आधीपासून लागा. तुम्ही कॅनडात असाल तर तिथे पॅरेंटल बेनिफिटचे, म्हणजे रजेत सरकारी पैसे मिळण्याचे, दोघांना मिळून 40 आठवडे असतात आणि एकाला जास्तीत जास्त 35 मिळतात, म्हणजे दुसऱ्याने घेतलेच नाहीत तर ते 5 आठवडे फुकट जातात, आणि आपल्याकडे ते सोडणारा बहुतेक वेळा बाबाच असतो!

रजा संपल्यावर तो गुरुवार कसा मिळवायचा? इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फ्लेक्सिबल वर्किंगची, म्हणजे कामाच्या वेळा बदलून मागायची, विनंती करता येते आणि कंपनीला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. नाही म्हणू शकतात, पण कारण द्यावं लागतं. आठवड्यातला एकच दिवस मागा, ठरलेला मागा. जमेल तेव्हा लवकर येतो, असं म्हटलं की ते कधीच जमत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

ऑगस्टची ड्यू डेट असणाऱ्यांना शिक्षक म्हणून अजून एक सांगतो. इंग्लंडमध्ये 31 ऑगस्टला जन्मलेलं मूल आणि 1 सप्टेंबरला जन्मलेलं मूल यांच्यात शाळेचं अख्खं एक वर्ष पडतं, पहिलं वर्गातलं सगळ्यात लहान तर दुसरं त्याच्या खालच्या वर्गातलं सगळ्यात मोठं. लहान असल्यामुळे अक्षर वळायला, बूट घालायला वेळ लागला म्हणजे मूल मागे पडलं असं समजून रागावू नका. 1 एप्रिल ते 31 ऑगस्ट जन्माच्या मुलांना रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, एक वर्ष उशिरा घालायची विनंती कौन्सिलकडे करता येते. आम्ही ते चार वर्षांनी बाळाकडे बघून ठरवू.

आणि घरी मराठीच बोला, बाबांनी तर नक्कीच. इंग्लिश शाळा शिकवते, माझ्या वर्गात घरी दुसरी भाषा बोलणारी कितीतरी मुलं मजेत शिकतात.

कागदांचं थोडक्यात, जन्माची नोंद इथे 42 दिवसांत करायची, आणि बाळाला भारतीय नागरिकत्व ठेवायचं असेल तर भारताच्या हाय कमिशनकडे एक वर्षाच्या आत नोंद करायची. इथे जन्मलं म्हणून आपोआप ब्रिटिश होत नाही, त्यासाठी जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश किंवा इथे सेटल्ड, म्हणजे कायमचं राहायची परवानगी असलेले, असावे लागतात.

शिक्षक मंडळींनो, ऑगस्टमध्ये बऱ्याच शाळांचं ऑफिस बंद असतं आणि तुमचे 28 दिवस तेव्हाच चालू होतात, तेव्हा सप्टेंबरच्या तारखांचा अर्ज टर्मच्या शेवटच्या दिवसाआधी देऊन टाका आणि पोच ईमेलवर मागून घ्या.