मजा आली, पण चित्र पाहिलं का?

प्रश्न : ताई, मुलीकडे लंडनला गेले होते, तेव्हा तिनं नॅशनल गॅलरीत माझ्यासाठी एक 'जरा वेगळी' फेरी ठरवली होती. गाइड तरुण मुलगी होती. तिनं मोजकीच चित्रं दाखवली. होल्बाइनच्या 'द अ‍ॅम्बॅसेडर्स'समोर आमच्यातल्या दोघांना चित्रातल्या माणसांसारखं उभं केलं. मग सगळ्यांना चित्राच्या उजव्या कडेला नेऊन तिरकं बघायला लावलं. चित्रकाराचं नाव सांगितलं ते अगदी शेवटी. आम्ही खूप हसलो. इतकी मजा मला कुठल्याच संग्रहालयात आली नव्हती. पण बाहेर पडल्यावर जावई म्हणाले, "हे सगळे खेळ झाले, माहिती काय मिळाली?" तेव्हापासून मनात येतंय, मी चित्र पाहिलं की नुसती करमणूक करून आले?

उत्तर : पाहिलंत, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. जागेअभावी इथे कापाव्या लागलेल्या भागात तुम्ही लिहिलंय, की डावीकडच्या माणसासारखं उभं राहताना हात कुठे टेकायचा हे कळेना, म्हणून तुम्ही चित्राकडे पुन्हा वळून पाहिलंत. तेव्हा लक्षात आलं की दोघेही मधल्या मांडणीवर रेललेत. मग नजर मांडणीच्या खालच्या फळीवर गेली आणि तिथल्या तंतुवाद्याची एक तार तुटलेली दिसली. ही तार कुणी तुम्हाला दाखवली नाही, तुमची तुम्ही शोधलीत. गाइडचं काम करताना मी किती गटांना चित्रांसमोर नेलं असेल, पण असं स्वतःहून काही सापडलेला माणूस ते चित्र विसरलाय, असं मी पाहिलेलं नाही.

एरवी काय होतं? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दोन संशोधकांनी लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं होतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली सुमारे २७ सेकंदांची. निम्म्या वेळा तर लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते, आणि त्यातच शेजारची पाटी वाचणंही आलं. म्हणजे खास नावाजलेल्या चित्रांच्याही वाट्याला अर्धा मिनिट येत नाही. तुमच्या गाइडनं तुम्हाला एका चित्रासमोर बराच वेळ रमवलं आणि तुम्हाला कंटाळा आला नाही. माझ्या दृष्टीनं तिचं निम्मं काम तिथेच झालं.

आता ते तिरकं बघणं. दोन्ही माणसांच्या पायांपुढे जमिनीवर एक लांबट, पांढुरकं, आडवं ताणलेलं काहीतरी आहे. समोर उभं राहिलं तर ते कशासारखंच दिसत नाही. उजव्या कडेशी जाऊन नजर चित्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर केली, की ते आवळत जातं आणि तिथे माणसाची कवटी दिसते, दातांसकट. आणि त्याच वेळी ते रेशमी कपडे, ती फर, ती खगोलाची यंत्रं, सगळं आक्रसून ओळखू येईनासं होतं. दोन्ही गोष्टी एका जागेवरून नीट दिसतच नाहीत. होल्बाइननं १५३३ मध्ये बघणाऱ्याच्या पायांचाही विचार करून हे चित्र रंगवलंय. ते एका जागी उभं राहून, हाताची घडी घालून बघणं म्हणजे अर्धंच बघणं. तुमच्या गाइडनं जे करायला लावलं, ते चित्रकारालाच हवं होतं. (पुन्हा जाणं झालं तर वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याच्या कडेला बघा. तिथे क्रुसावरचा येशू जेमतेम दिसेल इतकाच बाहेर ठेवलाय.)

जावयांचं म्हणणंही मी झटकून टाकणार नाही. माहिती हवीच. प्रश्न आहे तो ती केव्हा द्यायची याचा. डावीकडचे जाँ द दिंतव्हिल हे फ्रान्सचे इंग्लंडमधले राजदूत, उजवीकडचे त्यांचे मित्र जॉर्ज द सेल्व्ह, हे दारातच सांगितलं असतं तर तुम्ही मान डोलावली असती आणि पुढच्या दालनात विसरला असता. पण एखाद्यासारखं उभं राहून झाल्यावर त्याचं वय किती होतं हे ऐकायची उत्सुकता वेगळी असते. आणि ते चित्रातच लिहिलेलं आहे : एकाच्या खंजिराच्या म्यानावर २९, दुसऱ्याच्या कोपराखालच्या पुस्तकाच्या कडेवर २५. एवढ्या भारदस्त पोशाखातली ही माणसं तिशीच्याही आतली! हे कळल्यावर त्या कवटीकडे मला तरी पहिल्यासारखं बघता येत नाही.

चित्रकाराचं नाव लपवून आधी प्रश्न विचारायची ही पद्धत कुणाची लहर नव्हे. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन आणि न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनवाइन यांनी ती घडवली. तिच्यात प्रश्न तीनच. या चित्रात काय चाललंय? तुम्हाला असं कशावरून वाटतं? अजून काय दिसतंय? यातला मधला प्रश्न खरा दमदार आहे, कारण उत्तर देण्यासाठी चित्राकडे बोट दाखवावंच लागतं.

पण एका ठिकाणी मला ही पद्धत अपुरी वाटते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं रेम्ब्रांटचं 'द नाइट वॉच' हे शहराच्या रक्षक तुकडीचं चित्र घ्या. तासभर निरखलंत तरी ते चारही बाजूंनी कापलेलं आहे, हे नुसत्या बघण्यातून कळणार नाही. १६४२ चं हे चित्र १७१५ मध्ये नगरभवनात हलवलं, तेव्हा भिंतीवर मावेना म्हणून कडा कापल्या. सगळ्यात रुंद पट्टा गेला तो डावीकडचा, त्यातल्या माणसांसकट. परिणाम असा झाला की मूळ चित्रात मध्यापासून उजवीकडे असलेला कॅप्टन आज मध्यावर येऊन उभा राहिलाय. २०२१ मध्ये संग्रहालयानं एका जुन्या प्रतीवरून, संगणकाच्या मदतीनं, ते हरवलेले तुकडे तयार करून तात्पुरते मूळ चित्राभोवती लावले, तेव्हा सगळी तुकडी खरोखर चालायला लागल्यासारखी वाटली. असं काही असेल तिथे गाइडनं प्रश्नांचा हट्ट सोडावा आणि सरळ सांगून टाकावं.

प्रश्न : आम्ही घेतलेल्या फेरीत गाइडनं फक्त चोऱ्या, लफडी आणि भानगडी सांगितल्या. ऐकताना वेळ कसा गेला कळलं नाही, पण मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे, मला ते खटकलं. असं करणं कलेचा अपमान नाही का?

उत्तर : सर, भानगडीत वाईट काही नाही. मी एकच पाहते : गोष्ट संपल्यावर डोळे चित्राकडे जातात की नाही.

'मोनालिसा' १९११ मध्ये लूव्हरमधून चोरीला गेली आणि दोन वर्षांनी फ्लोरेन्समध्ये सापडली. चोर विन्चेन्झो पेरूज्या हा लूव्हरमध्ये काम केलेला कारागीर. ती नसताना रिकामी भिंत बघायलाही लोकांची रीघ लागली होती. गोष्ट झकास आहे, मलाही आवडते, पण ती ऐकल्यावर चित्रात नवीन काहीच दिसत नाही. अशा चार-पाच गोष्टी लागोपाठ सांगितल्या तर तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे.

आता मेट्रोपॉलिटनमधलं सार्जंटचं 'मादाम एक्स' हे एका स्त्रीचं चित्र घ्या. १८८४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात या चित्रावरून गहजब झाला, कारण काळ्या पोशाखाचा एक पट्टा तिच्या उजव्या खांद्यावरून घसरलेला दाखवला होता. टीका इतकी झाली की सार्जंटनं नंतर तो पट्टा पुन्हा रंगवून खांद्यावर चढवला. हीसुद्धा भानगडच, पण ती ऐकून माणूस पहिलं काय करतो? त्या खांद्याकडे बघतो. मग पट्टा, मानेचा तो झोक, मेजावर टेकवलेला पिळलेला हात, असं सगळं त्याच्या नजरेत येत जातं. ही गोष्ट मी वर्गातही सांगेन.

आणि बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर म्युझियममध्ये तर भानगड भिंतीवरच आहे. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेशातले दोघे आत शिरले आणि १३ कलाकृती घेऊन गेले, त्यांत रेम्ब्रांट आणि व्हर्मेरही. दालनांची मांडणी बदलायची नाही अशी संस्थापिकेच्या मृत्युपत्रातली अट, त्यामुळे चौकटी अजून रिकाम्या टांगलेल्या आहेत. तिथे चोरीबद्दल न बोलणारा गाइड मला कामचुकार वाटेल.

प्रश्न : मला चित्रं मनापासून आवडतात, पण चारचौघांत पोझ देणं, अभिनय करणं जमत नाही. नुसत्या विचारानं घाम फुटतो. अशा फेऱ्या माझ्यासाठी नाहीतच का?

उत्तर : आहेत, पण निवडून घ्या. 'वेगळी फेरी' या एका नावाखाली फार निरनिराळे प्रकार चालतात. २०१७ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्येच नृत्यदिग्दर्शिका मोनिका बिल बार्न्स यांनी दालनांमधून चक्क व्यायाम करत जायची फेरी काढली होती. सगळ्यांनी नर्तकींच्या मागोमाग हात-पाय हलवत पुतळ्यांसमोरून जायचं. मला ती कल्पना फार आवडते, तुम्हाला ती अजिबात सोसणार नाही. दुसऱ्या टोकाला, दरवर्षी एप्रिलमध्ये अनेक देशांतली संग्रहालयं 'स्लो आर्ट डे' पाळतात. त्यात थोडीच चित्रं घ्यायची, एकेकाला निदान पाच-दहा मिनिटं द्यायची आणि नंतर वाटलं तर बोलायचं. इथून सुरुवात करा.

नाव नोंदवतानाच तीन गोष्टी विचारून घ्या : गटात किती जण असतात, किती चित्रं बघायची, आणि भाग न घेता नुसतं बघितलं तर चालतं का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर ती फेरी सोडा. गटात पंधराच्या वर माणसं असतील तर मागच्यांना चित्रच दिसत नाही, तेव्हा तीही नको. आणि फेरी सुरू व्हायच्या आधी गाइडला बाजूला घेऊन हळूच सांगा, "मला पुढे बोलावू नका." आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट न बोलणारा माणूस कधी कधी सगळ्यात जास्त बघत असतो, म्हणून मी अशांना चित्राच्या सगळ्यात जवळची जागा देते.